गाणं डॉलीचं की व्हिटनीचं? दुसऱ्याचं गाणं स्टेजवर गायलं की पुढे काय काय होतं

१ मार्च १९९४. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ग्रॅमी पुरस्कारांचा सोहळा होता आणि त्याची सुरुवातच व्हिटनी ह्यूस्टनने 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गाऊन केली. हे गाणं कानावर पडलं नाही असा माणूस तेव्हा अमेरिकेत शोधून सापडला नसता. बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर बसून होतं. तोवर तिथे इतका मुक्काम कुणीच ठोकला नव्हता. त्या रात्री गाण्याला 'रेकॉर्ड ऑफ द इयर' मिळालं. 'साँग ऑफ द इयर' मात्र गेलं 'अ होल न्यू वर्ल्ड'ला. व्हिटनीचं गाणं त्या दुसऱ्या पुरस्काराच्या नामांकनांतही नव्हतं.

आपल्या कानाला रेकॉर्ड म्हणजे गाणं आणि साँग म्हणजेही गाणंच. मग एकाच गाण्याला एक मिळावं आणि दुसऱ्यासाठी साधं नावही नसावं, हा काय प्रकार?

या एका प्रश्नाचा धागा धरला की दुसऱ्याचं गाणं गाण्याचा, म्हणजे ज्याला सगळे 'कव्हर' म्हणतात त्याचा, बराचसा गुंता सुटतो. गाणं म्हणून आपण जे एक समजतो त्या खरं तर दोन वस्तू असतात. एक रचना: शब्द आणि चाल. ती कागदावर असू शकते, डोक्यात असू शकते, ती कुणीही गायली तरी तीच राहते. दुसरं ध्वनिमुद्रण: एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट गळ्यातून निघालेला आणि पकडून ठेवलेला आवाज. दोन्हींचे मालक वेगळे, दोन्हींचे हक्क वेगळे, पैसेही वेगवेगळ्या खिशांत जातात. 'साँग ऑफ द इयर' रचना करणाऱ्याला मिळतं, 'रेकॉर्ड ऑफ द इयर' गाणाऱ्याला आणि निर्मात्याला. व्हिटनीचं ध्वनिमुद्रण नवं होतं. रचना वीस वर्षं जुनी होती आणि ती होती डॉली पार्टनची.

डॉली टेनेसीच्या डोंगराळ भागातल्या गरीब घरातली मुलगी. १९६७ साली ती पोर्टर वॅगनर या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात आली आणि त्याची जोडीदार गायिका म्हणून घराघरांत पोचली. काही वर्षांनी तिला स्वतःच्या वाटेने जायचं होतं, पोर्टरला ते पसंत नव्हतं. बोलून काही उपयोग होईना, म्हणून तिने गाणं लिहिलं आणि त्याच्या समोर बसून म्हणून दाखवलं. १९७३ मध्ये ध्वनिमुद्रण झालं, १९७४ मध्ये ते कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या ग्रामीण वळणाच्या, संगीताच्या यादीत पहिलं आलं. म्हणजे जगभर लग्नांत वाजणारं हे प्रेमगीत मुळात एका सहकाऱ्याचा निरोप घेण्यासाठी लिहिलेलं आहे. लग्नात ते लावणाऱ्यांनी शब्दांकडे कधी नीट लक्ष दिलं असेल असं मला वाटत नाही.

एल्व्हिसला दिलेला नकार

डॉलीचं गाणं गाजल्यावर एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. डॉली हुरळून गेली होती. पण ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर एल्व्हिसचा व्यवस्थापक, कर्नल टॉम पार्कर, याचा निरोप आला: एल्व्हिस जे गाणं गातो त्याच्या पब्लिशिंग हक्कांतला, म्हणजे रचनेच्या हक्कांतला, निम्मा वाटा आमचा. डॉली नाही म्हणाली. त्या रात्री आपण रडलो, हे तिने पुढे कितीतरी मुलाखतींत सांगितलं आहे.

इथे थोडं थांबू, कारण या नकारात सगळं अर्थशास्त्र आहे. एल्व्हिसला हे गाणं गायला डॉलीची परवानगी लागत होती का? कायद्याने नाही. अमेरिकेत एखादी रचना मालकाच्या संमतीने एकदा ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आली की पुढे कुणीही ती आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून विकू शकतो. फक्त सूचना द्यायची आणि ठरलेला पैसा मोजायचा. मालक 'नको' म्हणू शकत नाही. याला कंपल्सरी लायसन्स म्हणतात. आपण सक्तीचा परवाना म्हणू.

हा विचित्र नियम आला कुठून? तर पियानो वाजवणाऱ्या यंत्रातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असे पियानो आले ज्यांत भोकं पाडलेला कागदाचा रोल घातला की पियानो आपोआप वाजे. रोल बनवणारे कारखाने संगीतकाराला छदामही देत नसत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९०८ साली कोर्टाने म्हटलं की भोकांचा कागद माणसाला वाचता येत नाही, तेव्हा ती संगीताची 'प्रत' नव्हे, पैसे देण्याचा प्रश्न नाही. पुढच्याच वर्षी संसदेने कायदा बदलून संगीतकारांना हक्क दिला. पण एक भीती होती: रोल बनवणाऱ्या एका बड्या कंपनीने प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते, हक्क मोकळा सोडला तर सगळं संगीत तिच्याच मुठीत गेलं असतं. म्हणून तोडगा निघाला की एकाला दिलंत तर सगळ्यांना द्यावं लागेल, दर प्रतीमागे २ सेंट. यंत्रासाठीचा पैसा म्हणून त्याला 'मेकॅनिकल रॉयल्टी' हे नाव पडलं आणि यंत्र भंगारात गेलं तरी नाव आजही तेच आहे. २ सेंटचा दरही १९७७ च्या अखेरपर्यंत हलला नाही.

म्हणजे १९७४ साली एल्व्हिसच्या दहा लाख तबकड्या खपल्या असत्या तर रचनेचे २० हजार डॉलर झाले असते. पार्करचं ऐकलं असतं तर त्यातले १० हजार तिकडे. ऐकायला फार मोठी रक्कम नाही. पण पब्लिशिंगमधला वाटा एका तबकडीपुरता नसतो. उद्या कुणीही ते गाणं गायलं, रेडिओवर वाजलं, सिनेमात घेतलं, तरी प्रत्येक वेळी निम्मे पैसे दुसऱ्याच्या दारात जाणार. पार्करला परवानगी नकोच होती. 'हक्क द्या, नाहीतर आमचा माणूस गाणार नाही' एवढाच सौदा होता. शेतात बटाईने पीक द्यावं आणि सातबाऱ्यावरच नाव चढवून द्यावं, यात जेवढा फरक आहे तेवढा इथे होता. डॉलीने सातबारा सोडला नाही.

१९९२ मध्ये व्हिटनीने हे गाणं ज्यासाठी गायलं तो 'द बॉडीगार्ड' सिनेमा आला तेव्हा मेकॅनिकलचा दर ६.२५ सेंट होता. व्यवहारात तो थोडा खाली ओढला जातो, पण पुरा धरला तर दहा लाख प्रतींचे ६२,५०० डॉलर. सिनेमाच्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेतल्या प्रमाणित प्रती १ कोटी ८० लाखांवर गेल्या. शिवाय सुट्या गाण्याची विक्री निराळी, बाकीचं जग निराळं. आणि डॉलीची प्रकाशन कंपनी तिची स्वतःचीच, त्यामुळे लेखिका म्हणून येणारा वाटाही तिचा, प्रकाशक म्हणून येणाराही तिचाच.

एक खुलासा मात्र करायला हवा. सिनेमात गाणं वापरायला सक्तीचा परवाना चालत नाही. दृश्यासोबत गाणं जोडायचं तर मालकाला विचारावंच लागतं, आणि तो नाही म्हणू शकतो, वाटेल ती किंमत सांगू शकतो. 'द बॉडीगार्ड'साठी आधी वेगळंच गाणं ठरलं होतं, पण ते दुसऱ्या एका चित्रपटात येऊन गेलं होतं. मग नायक आणि निर्माता केव्हिन कॉस्टनर याने गायिका लिंडा रॉनस्टॅटने १९७५ साली गायलेलं डॉलीचं गाणं सुचवलं. संगीत निर्माता डेव्हिड फॉस्टर कामाला लागला. त्याने डॉलीला फोन केला तेव्हा तिच्या लक्षात आलं की हे लोक रॉनस्टॅटच्या आवृत्तीवरून चाललेत आणि त्या आवृत्तीत शेवटचं कडवंच नाही. तिने ते फोनवर सांगितलं. ही आठवण फॉस्टरने अनेकदा सांगितली आहे. कव्हरचंही कव्हर होतं ते असं, आणि मधल्या हातात एखादं कडवं गळूनही पडतं.

सा हलतो तेव्हा

कायद्यातून जरा बाहेर येऊ. दोन्ही आवृत्त्या एकामागोमाग ऐकल्या तर प्रश्न पडतो, रचना एकच असताना दुसरी इतकी वेगळी का वाटते? शब्द तेच आहेत, चालही ओळखू येते.

डॉलीचं गाणं तीन मिनिटांच्या आत संपतं. बारीक, किंचित थरथरता आवाज, मागे गिटार. तिसरं कडवं ती गातच नाही, बोलून दाखवते, जणू गळा दाटून आलाय आणि सूर लावणं शक्य नाही. गाणं जिथे सुरू होतं त्याच उंचीवर संपतं. दारात उभं राहून निरोप घ्यावा तसं.

व्हिटनीचं साडेचार मिनिटांचं आहे. सुरुवातीचं जवळजवळ पाऊण मिनिट मागे एकही वाद्य नाही. ही कल्पना कॉस्टनरची. वाद्याशिवाय सुरू होणारं गाणं रेडिओवाले लावतील का, अशी धाकधूक बाकीच्यांना होती. तोवर कंट्री वळणाचं हे गाणं व्हिटनीने चर्चमधल्या गॉस्पेल गायकीच्या अंगाने घेतलं. तिची आई सिसी ह्यूस्टन गॉस्पेल गायिकाच होती, मुलगी चर्चच्या गायनवृंदात वाढली. गॉस्पेलमध्ये एका अक्षरावर पाच-सात सूर ओवायची रीत आहे. आपण त्याला हरकत म्हणू, मुरकी म्हणू. डॉलीच्या चालीत 'आय' या एका अक्षराला जो सरळ सूर आहे, तिथे व्हिटनी सुरांची लडच्या लड सोडते. नाट्यपदाची मूळ चाल चार ओळींची असते आणि रंगलेला गायक ती अर्धा तास फुलवतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

मग येते ती प्रसिद्ध जागा. गाणं थांबतं. अगदी शांतता. ढोलावर एकच ठोका पडतो आणि व्हिटनी पूर्ण ताकदीने ध्रुवपदावर येते. अंगावर काटा येतो तो याच क्षणी. पण ठोका नुसता जोरात पडला म्हणून काटा येत नाही. त्या क्षणी गाण्याची पट्टी बदलते. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर गाणं तोवर पांढरी सहामध्ये असतं आणि ठोक्यानंतर पांढरी सातमध्ये जातं.

आपल्या संगीतावर वाढलेल्या कानाला हे जास्तच जाणवतं. आपल्याकडे मैफल सुरू झाली की तानपुरा एका सा वर लागतो आणि शेवटपर्यंत तो सा ढळत नाही. कलाकार त्याच्याभोवती वाटेल तेवढा हिंडतो, पण घराचा पत्ता तोच. पाश्चात्त्य गाण्यात घरच उचलून वरच्या मजल्यावर नेता येतं. चाल तीच, तिच्यातलं सुरांचं अंतर तेच, पण सगळं एक पूर्ण स्वर वर. कान जुन्या सा ची वाट पाहत असतो आणि त्याच्या पायाखालची फरशी वर येते.

कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात मी सिंथेसायझर वाजवायचो तेव्हा आमच्या गायिकेने हे गाणं घ्यायचा हट्ट धरला होता. पट्टी बदलताना मी प्रामाणिकपणे बोटं बदलायचा सराव केला. कार्यक्रमाच्या दिवशी धीर सुटला आणि त्या शांततेत गुपचूप ट्रान्सपोजचं, म्हणजे दर वेळी पट्टी अर्धा स्वर सरकवणारं, बटण दोनदा वर दाबायला गेलो. दोनदा दाबायचं ते तीनदा दाबलं गेलं. गायिका पांढरी सातमध्ये आली, मी त्याच्याही अर्धा स्वर वर. पुढचं सांगत नाही.

पण त्यामुळे एक कळलं. स्टुडिओत ती शांतता ठरलेल्या लांबीची असते; स्टेजवर ती गायिकेच्या हातात असते. व्हिटनी प्रत्यक्ष कार्यक्रमांत ती ताणायची, लोक ओरडायला लागले तरी ठोका येऊ द्यायची नाही. वादकांनी मोजून वाजवायचं नाही, तिच्या श्वासाकडे बघून वाजवायचं. लाइव्ह कव्हरची खरी गंमत असल्याच जागांत असते. आणि धोकाही तिथेच. वरच्या सा वर जाऊन तो टिकवायला गळा रोज सारखा नसतो. २०१० च्या दौऱ्यात हे गाणं व्हिटनीला स्वतःलाच पेलेनासं झालं होतं आणि परीक्षणांत ते निष्ठुरपणे छापून आलं. दोन दशकांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणाशी तिची तुलना होत होती. स्वतःच्याच कव्हरचं कव्हर करत असल्यासारखी तिची अवस्था झाली होती.

स्टेजवर गायलं तर पैसे कोण देतं?

गायक देत नाही. हे बहुतेकांना खरं वाटत नाही, पण साधारण पद्धत अशीच आहे.

रचनेच्या मालकाकडे एक वेगळा हक्क असतो, लोकांसमोर सादर करण्याचा. आता देशभरातल्या प्रत्येक हॉलने प्रत्येक गाण्यासाठी प्रत्येक संगीतकाराला शोधत फिरायचं म्हटलं तर कार्यक्रमच होणार नाहीत. म्हणून हे हक्क एकत्र सांभाळणाऱ्या संस्था निघाल्या. अमेरिकेत 'एएससीएपी' १९१४ पासून आहे, 'बीएमआय' १९३९ पासून. लाखो गाणी त्यांच्याकडे नोंदलेली असतात. हॉल, हॉटेल, स्टेडियम, टीव्ही वाहिन्या त्यांच्याकडून वर्षाचा सरसकट परवाना घेतात. त्यात कुणी कुठलंही गाणं गावं. मोठ्या दौऱ्यांत काय काय गायलं गेलं याची यादी संस्थेकडे जाते आणि तिच्या आधारे पैसे वाटले जातात. थाळी सिस्टिमच म्हणा ना: पैसे जागेचे, पान वाढल्यावर काय खाल्लं ते वाढपी टिपून ठेवतो.

मेकॅनिकलपेक्षा हा पैसा पूर्ण वेगळा. ध्वनिमुद्रण विकलं तर मेकॅनिकल. गाणं लोकांसमोर झालं तर हा. एकाच कार्यक्रमाचे दोन्ही लागू शकतात. केली क्लार्कसन या अमेरिकी गायिकेचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये तिचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाला, तो ती दुसऱ्या कुणाचं तरी गाणं गाऊन उघडू लागली. कंट्रीपासून रॉकपर्यंत शेकडो गाणी झाली. टीव्हीवर लोकांसमोर गाण्याचा हक्क वाहिनीच्या परवान्यात येतो. २०२२ मध्ये त्यांतली फक्त सहा गाणी निवडून तिने विकण्यासाठी आणली, तेव्हा त्या सहांपुरतं मेकॅनिकलचं खातं वेगळं उघडलं. त्याच वर्षी मार्चमध्ये लास व्हेगासला कंट्री संगीताच्या एका पुरस्कार सोहळ्यात केलीने 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गायलं. सोहळ्याची सूत्रसंचालक होती खुद्द डॉली.

तुमच्या मोबाइलवर कुणाच्या तरी कार्यक्रमाची चित्रफीत दिसते तेव्हा तिसरंच प्रकरण सुरू होतं, कारण आता दृश्य आलं. सिनेमासारखाच दृश्यासोबतच्या वापराचा हक्क इथे लागतो. मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांनी प्रकाशकांशी घाऊक करार केले आहेत, म्हणून पुष्कळदा चित्रफीत राहते आणि जाहिरातीचे पैसे रचनेच्या मालकाकडे वळतात. चित्रफीत राहिली म्हणजे परवानगी होती, असं समजू नका.

आता रेडिओ. ही गोष्ट मला सगळ्यात चमत्कारिक वाटते. अमेरिकेतल्या साध्या रेडिओ केंद्रावर व्हिटनीचं गाणं लागलं की डॉलीला पैसे मिळतात. व्हिटनीला मिळत नव्हते, तिच्या वारसांना आजही मिळत नाहीत. तिथल्या कायद्यात साध्या रेडिओने रचनाकाराला पैसे द्यायचे, गायकाला आणि ध्वनिमुद्रणाच्या मालकाला नाही. इंटरनेट आणि उपग्रह रेडिओला हा नियम नाही, तिथे गायकाचा वाटा आहे. पण १९९२-९३ मध्ये जेव्हा दर तासाला कुठे ना कुठे हे गाणं वाजत होतं, तेव्हा लोक फोन करून 'व्हिटनीचं गाणं लावा' म्हणत होते आणि त्या प्रत्येक वेळेचा धनादेश डॉलीच्या नावे निघत होता. रेडिओवाल्यांचं म्हणणं असं की आम्ही वाजवतो म्हणून तर तबकड्या खपतात. व्हिटनीच्या बाबतीत ते खरंही असेल. ज्या गायकाच्या तबकड्या खपणं कधीच थांबलं आहे पण गाणं अजून वाजतं, त्याने काय करायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

लताबाई आणि रफी यांच्यातला अबोला आठवतो ना? १९६० च्या दशकात लताबाईंनी मागणी केली की गायकालाही रॉयल्टी मिळावी. रफीसाहेबांचं मत होतं की गायचे पैसे घेतले, विषय संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. प्रश्न हाच होता: गाण्यात गळ्याचा वाटा किती आणि तो किती दिवस चालतो?

आपल्याकडे

भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठे बदल झाले आणि त्यांतले दोन या गोष्टीशी थेट जुळतात.

पहिला कव्हरचा. कलम ३१सी प्रमाणे आपल्याकडेही मूळ मालकाने नाही म्हटलं तरी कव्हर करता येतं, पण पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पूर्ण पाच वर्षं थांबावं लागतं. वर्षाला किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी धरली जाते, ती आगाऊ भरायची. मूळ कलाकाराचं नाव किंवा फोटो वापरून लोकांची दिशाभूल करायची नाही, कव्हर आहे असं स्पष्ट लिहायचं. आणि तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसेल असा बदल रचनेत करायचा नाही. अमेरिकेचा कायदा इथे थोडा सैल आहे: गायकाच्या शैलीला साजेल अशी मांडणी बदला, फक्त मूळ चाल आणि गाण्याचा पिंड बदलू नका. मला शंका आहे की व्हिटनीची आवृत्ती आपल्या कलमात सुखाने बसली असती. पाऊण मिनिट वाद्यं बंद ठेवणं आणि बोललेलं कडवं गाऊन टाकणं याला तांत्रिक गरज कोण म्हणेल?

दुसरा बदल डॉलीच्या नकाराशी जुळणारा. आपल्या सिनेसृष्टीत गीतकार-संगीतकार वर्षानुवर्षं एकरकमी पैसे घेऊन सगळे हक्क लिहून देत आले. कागदावर सही करताना समोर पार्करच असायचा आणि नकार देण्याची ऐपत फार थोड्यांची. २०१२ च्या दुरुस्तीने, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले, ठरवलं की सिनेमाच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या गाण्यातला रॉयल्टीचा समान वाटा गीतकार आणि संगीतकार सोडूच शकत नाहीत. वारसांना आणि रॉयल्टी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला तेवढा देता येतो. निर्मात्याला सही करून दिली तरी ती सही चालत नाही. डॉलीने एकटीने जे धैर्य दाखवलं ते इथे कायद्यानेच सक्तीचं केलं.

मग सोसायटीच्या गणपतीत कुणी हे गाणं म्हटलं तर? हौशी मंडळी, तिकीट नाही, तर कायद्यात सूट आहे. धार्मिक समारंभ आणि लग्नाशी जोडलेले कार्यक्रम यांनाही आहे. तिकीट लावून व्यावसायिक ऑर्केस्ट्रा केला तर आयोजकाला परवाना लागतो. रचनांचा 'आयपीआरएस' ही संस्था देते. न्यू जर्सीतल्या किंवा शिकागोतल्या महाराष्ट्र मंडळांनाही अशीच काहीशी सवलत अमेरिकी कायद्यात आहे: गाणाऱ्यांना आणि आयोजकांना मानधन नाही, आणि प्रवेश मोफत किंवा खर्च वजा जाता उरलेला पैसा धर्मादाय, शैक्षणिक कामाला, तर परवाना लागत नाही. भारतातून पाहुणे गायक मानधनावर बोलावले की ही सवलत गेली. बहुतेक वेळा हॉलचा सरसकट परवाना असतोच, पण हॉल भाड्याने घेताना विचारून घेतलेलं बरं.

११ फेब्रुवारी २०१२ ला बेव्हर्ली हिल्समधल्या हॉटेलात व्हिटनीचं निधन झालं. दुसऱ्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये ग्रॅमी होता. एका रात्रीत कार्यक्रम बदलला आणि गायिका जेनिफर हडसन स्टेजवर आली. काळा पोशाख, अंगावर प्रकाशाचा एक झोत, मागे मोजकी साथ. गायली तेच गाणं. सादरीकरण छोटं आणि आवरतं होतं, शेवटी व्हिटनीचं नाव घेताना आवाज कापला. पुढच्या काही दिवसांत लोकांनी व्हिटनीची मूळ तबकडी इतकी ऐकली, विकत घेतली की वीस वर्षांनी ती पुन्हा बिलबोर्डच्या पहिल्या तिनात आली. हिशेब नेहमीसारखाच: हडसनच्या गाण्याचे वाहिनीच्या परवान्यातून, तबकडीचे मेकॅनिकलमधून. रचनेचा वाटा दोन्हीकडून डॉलीकडे.

डॉली सांगते की व्हिटनीचं गाणं तिने पहिल्यांदा गाडी चालवताना रेडिओवर ऐकलं. सुरुवातीचा वाद्याविना आवाज ओळखीचा वाटेना. आपलंच गाणं आहे हे कळल्यावर गाडी कडेला घ्यावी लागली, नाहीतर ठोकली असती. त्या पैशांचं काय केलं, हे २०२१ साली एका टीव्ही कार्यक्रमात तिला विचारलं. तिने सांगितलं की नॅशव्हिलमधल्या एका कृष्णवर्णीयांच्या वस्तीत तिने कार्यालयांची एक इमारत घेतली. व्हिटनीची माणसं जिथली, तिथेच आपणही असावं असं वाटलं म्हणून. ती त्या जागेला 'व्हिटनीने बांधलेलं घर' म्हणते.